पुराभिलेखागारात पहिल्यांदाच जातेय, घराण्याचे कागद शोधायला. तयारी काय करू?

सातवी_पिढी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

आजोबांच्या पश्चात माळ्यावरची पत्र्याची पेटी माझ्या वाट्याला आली. बाकी कुणाला नकोच होती. आत चार गोष्टी निघाल्या. घड्यांवर उसवत चाललेला एक मोडी कागद, त्याची आजोबांनी बालबोधीत (म्हणजे देवनागरीत) करायला घेतलेली आणि मध्येच सोडून दिलेली नक्कल, झाडासारखी काढलेली एक वंशावळ (फांद्यांवर फक्त पुरुष), आणि चुलतआजोबांनी टंकलेखन यंत्रावर ठोकलेला दोन पानी 'घराण्याचा इतिहास'. त्या इतिहासानुसार पेशव्यांनी आमच्या मूळ पुरुषावर खूश होऊन १११ चावर (चावर हे जमिनीचं जुनं माप) जमीन, म्हणजे जवळपास अख्खा गाव, इनाम दिला. लग्नाकार्यात हे इतक्यांदा ऐकलंय की शंका घ्यावी असं कधी वाटलंच नाही.

पुढच्या महिन्यात पुण्यात आहे. त्यातले दोन दिवस पेशवे दफ्तरासाठी, म्हणजे तिथल्या पुराभिलेखागारातल्या पेशवाईच्या कागदांसाठी, राखून ठेवलेत. मोडीचा वर्ग केलाय, पण अजून अक्षरं जुळवत बसते. तिथे गेल्यावर आडनाव सांगितलं की त्या घराण्याचे कागद काढून देतात का? बरोबर काय न्यायचं? काय विचारलं की लोक हसतात?

(गावाचं आणि घराण्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. भाऊबंदकी अजून जिवंत आहे.)

---

चोपडी

वाचतेय. आमच्याही माळ्यावर अशी एक पेटी आहे, उघडायचा धीर होत नाही.

---

बोरूबहाद्दर

सातवी पिढी, आडनावाचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारलात हे बरं केलंत. मी तो तिसऱ्या खेपेला विचारला होता.

उत्तर: नाही. आडनावाने काहीही निघत नाही. कागद कोणाविषयी आहे यावर दफ्तराची रचना ठरत नाही, तो कोणत्या कचेरीत आणि कशासाठी लिहिला यावर ठरते. पेशवे दफ्तरात रोजकीर्द आहे, म्हणजे त्या त्या दिवशीचा जमाखर्च आणि हुकूम तारीखवार. घडणी आहे, तिथे तेच व्यवहार खात्यांप्रमाणे लावलेले. प्रांत अजमास, म्हणजे जमाखर्चाचे हिशेब, प्रांतवार. शाहू दफ्तर, चिटणिशी, जमाव हे आणखी वेगळे. सगळं कापडाच्या रुमालांत बांधलेलं. तुमचा मूळ पुरुष यांपैकी कशातही असू शकतो, पण 'अमुक आडनाव' असा रुमाल मिळायचा नाही. शिवाय त्या काळच्या कागदांत पुष्कळदा आडनाव नसतंच. 'अमकाजी बिन तमकाजी पाटील, मौजे अमुक' एवढ्यावर काम भागायचं. आज आपण जे आडनाव लावतो ते दोन पिढ्यांनंतर चिकटलेलं असू शकतं.

म्हणून घरून निघताना आडनाव नको, गाव घेऊन निघा. गाव म्हणजे आजचा जिल्हा-तालुका नव्हे. मौजे (म्हणजे गाव) कोणतं, तर्फ (गावांचा गट) कोणती, त्याहून मोठा परगणा कोणता, प्रांत कोणता आणि त्या साली तिथे अंमल कोणाचा, हे सगळं. खालसा (थेट सरकारकडे) होतं का, कोणा सरदाराच्या सरंजामात (फौजेच्या खर्चासाठी नेमून दिलेल्या मुलखात) होतं, की मोगलाईत (निजामाकडे)? गाव सरंजामी असेल तर त्याचा तपशीलवार हिशेब सरदाराच्या दफ्तरात गेलेला असायचा आणि तुम्ही पुण्यात नुसते रुमाल सोडत बसाल. एवढं एक घरी नक्की केलंत तर तुमचे दोन दिवस चार दिवसांचं काम करतील.

एक पान करा. मधोमध रेघ मारा. डावीकडे 'कागदावर दिसलेलं', उजवीकडे 'ऐकलेलं'. १११ चावर कोणत्या बाजूला टाकता ते मला कळवा.

---

कसर

बोरूबहाद्दरांनी डोक्याची तयारी सांगितली, मी हातांची सांगतो. कागद दुरुस्तीच्या कामात बरीच वर्षं गेली आहेत (आयडीवरून कळलंच असेल).

पेन घरी ठेवा. शिसपेन्सिल न्या, दोन न्या, टोकयंत्राचा भुगा कागदापासून लांब पाडा. पांढरे हातमोजे घालून पानं उलटतात ते टीव्हीवर. सुती मोज्यात बोटांना कागदाची कड कळत नाही आणि जीर्ण कागद तिथेच फाटतो. हात साबणाने धुवा, पूर्ण कोरडे करा, क्रीम लावू नका. मोजे हवेतच असं तिथल्या माणसाने सांगितलं तर मात्र घाला, वाद घालू नका.

आणि बोट थुंकीला लावून पान उलटायची सवय असेल तर ती आत्तापासून मोडा. मोडी कागदांवरची शाई बहुतेक काजळीची. ती दोनशे वर्षं उन्हात फिकी पडत नाही, पण पाण्याचा थेंब लागला की उठते. घामाचासुद्धा. बारकाईने पाहिलंत तर अक्षरांच्या कडेला वाळूचे कण अजून चिकटलेले दिसतील, ओली शाई टिपायला टाकलेली वाळू असते ती.

घडी उघडत नसेल तर उघडू नका, मदत मागा. वही कागदाच्या वर ठेवून लिहू नका. रुमालातल्या कागदांचा क्रम तुम्हाला कितीही चुकीचा वाटला तरी लावायला जाऊ नका. तो क्रम हाही पुरावाच असतो. धुळीचा त्रास असेल तर मास्क न्याच.

अवांतर: तुमच्या पेटीतल्या कागदाला सेलोटेप लावली असेल तर आता ओढून काढू नका. लावली नसेल तर लावू नका. आणि कृपा करून लॅमिनेट करू नका. मी माणसं लॅमिनेट करून आणलेली सनद अभिमानाने दाखवताना पाहिली आहेत, काय बोलावं कळत नाही.

---

चोपडी

लॅमिनेट 😐 (आमच्याकडे एक आहे.)

---

मृगसाल

तारखेबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून घुसतो.

सातवी पिढी, तुमच्या मोडी कागदावर साल कसं लिहिलंय? पेशवेकालीन कागदावर बहुधा सुहूर सन असतो आणि तो आकड्यांत नसून अरबी शब्दांत असतो. आधी एकं, मग दहं, मग शतक, शेवटी हजार. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिस्सा, म्हणजे एक ते नऊ. अशर दहा, अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. पानिपतच्या वर्षाचे कागद 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणतात, म्हणजे ११६१.

इसवी सन काढायला ५९९ किंवा ६०० मिळवा. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणजे मेची अखेर ते जूनची सुरुवात याच्या आसपास. मृग ते डिसेंबर असेल तर ५९९, जानेवारी ते मृग असेल तर ६००. पानिपत जानेवारीतलं, म्हणून ११६१ + ६०० = १७६१. आपल्याकडचा फसली सनही मृगालाच सुरू होतो, पण त्यात ५९०/५९१ मिळवायचे. दोन्हींची गल्लत झाली की बरोब्बर नऊ वर्षांनी चुकता, आणि नऊ वर्षांत दफ्तरातले पुष्कळ रुमाल बसतात. शकात ७८/७९ मिळवायचे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि गोंधळ तिथेच होतो. आमच्या एका काकांनी सुहूर ११७२ मध्ये ७८ मिळवले आणि घराणं थेट यादवांच्या दरबारात नेऊन बसवलं.

दिवस 'छ' ने सुरू होत असेल तर तो मुसलमानी महिन्याचा चंद्र. छ ५ रबिलाखर वगैरे. शब्दांची ही यादी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर चिकटवून न्या.

---

सातवी_पिढी

बापरे, किती मिळालं. सगळ्यांचे आभार.

मृगसाल, कागद काढून बसले. तासभर गेला, पण लागलं! 'सु॥ सबा सबैन मया व अलफ, छ ११ रजब.' म्हणजे ११७७. पुढे?

बोरूबहाद्दर, पान केलं. डावी बाजू जवळजवळ रिकामी आहे, लाज वाटली. १११ चावर उजवीकडे टाकले, कारण ते फक्त टंकलिखित इतिहासात आहेत. आजोबांच्या नक्कलेत त्या जागी 'जमीन १॥ चावर' असं दिसतंय. म्हणजे एक आणि पुढे दोन उभ्या रेघा.

---

मृगसाल

११७७ चा रजब ऑगस्टच्या मध्याला सुरू होतो, म्हणून ५९९. कागद ऑगस्ट १७७६ च्या अखेरचा.

तेव्हाचे पेशवे सवाई माधवराव. त्यांचा जन्म एप्रिल १७७४ चा. 'पेशव्यांनी खूश होऊन' हे सव्वादोन वर्षांच्या मुलाबद्दल असेल तर ठीकच आहे, पण कारभार बारभाईंचा, म्हणजे नाना फडणीस वगैरे मुत्सद्द्यांच्या मंडळाचा होता.

---

बोरूबहाद्दर

😄

आणि त्या दोन उभ्या रेघा. मोडी हिशेबात एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. १॥ म्हणजे दीड. टंकलेखन यंत्रावर बसलेल्या माणसाला तो एक-एक-एक दिसला असणार. एक चावर १२० बिघ्यांचा धरला तर १११ चावर म्हणजे १३,३२० बिघे, आणि दीड चावर म्हणजे १८०.

पण लगेच चुलतआजोबांना फोन करू नका. याच दोन रेघा शब्द तोडल्याची खूण म्हणूनही येतात. रा॥ म्हणजे राजश्री, मौ॥ म्हणजे मौजे, तुमचं सु॥ म्हणजे सुहूर. आजोबांची नक्कल मूळ कागदाशी ताडून बघा आणि दफ्तरात दुसरा कागद मिळाला तर तिथे रक्कम अक्षरी लिहिलीय का ते बघा. तोवर दीड चावरही उजव्या बाजूलाच.

---

नवखा_वाचक

मध्येच विचारतो, क्षमस्व. आमचं मूळ गाव मराठवाड्यात. मग पुण्यात काहीच मिळणार नाही का?

---

बोरूबहाद्दर

काहीच नाही असं नाही, पण सुरुवात तिथून नको. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे. महसुली कागद फारसी-उर्दूत, आणि हैदराबादचं जुनं दफ्तर आता तेलंगण राज्याच्या पुराभिलेखागारात. आपल्या पुराभिलेख संचालनालयाचं मुख्य ठिकाण मुंबई, बाकी पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. करवीर संस्थानातलं गाव असेल तर आधी कोल्हापूर. गोव्याकडचं असेल तर पणजी, तिथलं दफ्तर १५९५ पासूनचं. पुन्हा तेच: अंमल कोणाचा?

---

उंबरठा

सगळा धागा वाचला, एक गोष्ट राहिली. सातवी पिढीने लिहिलंय 'फांद्यांवर फक्त पुरुष'. त्या बायका कुठे शोधायच्या हे आधी ठरवून जा. गेल्यावर सुचत नाही.

सरळ सनदेत बाई सापडत नाही. ती सापडते जिथे काहीतरी अडलंय तिथे. नवरा गेला आणि इनाम पुढे चालवायचं आहे, दत्तक घ्यायचाय, दीर हिस्सा देत नाही. म्हणून तंट्यांचे कागद बघा. वतनाच्या भांडणात दोन्ही बाजू आपापला 'करीना' लिहून देत, म्हणजे आमचा मूळ पुरुष कोण, कुठून आला, त्याला मुलगे किती, कोण निपुत्रिक मेला, ही सगळी हकीकत. वादात लिहिलेला, तेव्हा पक्षपाती असणारच. पण दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी तुमच्या घराण्याची गोष्ट सांगतंय, ती वाचताना अंगावर काटा येतो. महजर (गावसभेपुढे झालेल्या निवाड्याचा कागद) मिळाला तर खालच्या खुणाही नीट उतरवून घ्या, पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असतो.

दुसरं म्हणजे इनाम कमिशन. १८५२ च्या ११ व्या कायद्याने इंग्रजांनी इनामदारांना पुरावे मागितले. लोकांनी घाबरून सनदा, कैफियती (आपली बाजू मांडणारे लेखी जबाब), वंशावळी सगळं आणून दिलं. इनामांच्या दृष्टीने फार वाईट प्रकरण, पुष्कळांची गेली. पण घराण्याचा शोध घेणाऱ्याला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. तुमच्याकडे इनाम होतं ना? मग पेशवाईतला रुमाल मागण्याआधी इकडे बघा. आपण १७७६ पासून पुढे येण्यापेक्षा १८५० पासून मागे जाणं सोपं, दर पिढीला पाय टेकायला जागा मिळते.

आणि त्याही आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशी बोला. पुरुष पराक्रम सांगतात, बायका कोण कुणाकडे दत्तक गेलं ते सांगतात.

---

बोरूबहाद्दर

उंबरठा यांना शंभर टक्के अनुमोदन. मी थेट पेशवाईत उडी मारायला सांगत होतो, चुकलंच. अलीकडून पलीकडे जा. गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी तहसिलीत मिळाल्या तर आजोबा-पणजोबा पक्के होतात. मग इनाम कमिशन, मग पेशवे दफ्तर. घराण्यातलं कुणी नाशिक-त्र्यंबकेश्वरला जात असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतली नामावळीही बघून घ्या. आणि सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड (१९३०-३४) आधी चाळा. त्या महासागरातली ती ओंजळ आहे, तुमचा पूर्वज निघणं कठीण, पण गावाचा अंमल कोणाकडे आणि भाषा कशी, हे घरबसल्या कळतं.

जायच्या आधी फोन करा. सुट्टी, दुरुस्ती, वाचनकक्षाच्या वेळा, ओळखपत्र कोणतं, अर्ज कसा, मोबाइलने फोटो चालतात का की नक्कल मागावी लागते. प्रत्येक ठिकाणचं वेगळं आणि तेही बदलत राहतं. मी एकदा दुसऱ्या एका गावच्या दफ्तरखान्यात आठ तासांचा प्रवास करून पोचलो तर वाळवीची फवारणी चालू, आठवडाभर बंद.

पण खरी चूक वेगळीच केली होती. पहिल्या दिवशी एक सुंदर निवाडपत्र (तंट्याच्या निकालाचा कागद) मिळालं. हर्षाने सगळं उतरवून घेतलं आणि रुमाल क्रमांक लिहायचा राहिला. तीन वर्षांनी पुन्हा गेलो, नाही सापडलं. आजतागायत नाही. म्हणून वाचायला सुरुवात करण्यापूर्वी वहीत दफ्तराचं नाव, रुमाल, पुडकं, कागद क्रमांक आणि आजची तारीख लिहा. काही मिळालं नाही तरी 'अमुक रुमाल पूर्ण पाहिला, काही नाही' असं लिहा. नाहीतर दोन वर्षांनी तोच रुमाल पुन्हा सोडाल.

---

कसर

मोडीबद्दल धीर देतो. शब्द सुटे नसतात, ह्रस्व-दीर्घ बघायचंच नाही, आणि लिहिणाऱ्याला घाई. पहिल्या दिवशी अर्धं पानही होणार नाही. तेवढंच होतं सगळ्यांचं. सगळं वाचू नका. मायना (सुरुवातीचा ठराविक मजकूर) ओलांडा, साल बघा, मौजे बघा, तुमच्या माणसाचं नाव आधी स्वतः मोडीत दहा-वीसदा गिरवून त्याचा आकार डोळ्यात बसवा आणि तो आकार पानभर शोधा. नजर आधी सापडवते, वाचन नंतर.

---

सातवी_पिढी

जाऊन आले! तीन आठवड्यांनी लिहितेय, राग मानू नका.

पहिला दिवस फुकट गेला असं वाटलं. अर्ज, ओळखपत्र, विषय लिहून देणं यात सकाळ गेली. विषयात 'घराण्याचा इतिहास' लिहिणार होते, तुमच्या धाग्याची आठवण होऊन 'अमुक परगण्यातील अमुक मौजे येथील इनामाचे कागद' असं लिहिलं. समोरच्या बाईंनी वाचून मान वर केली आणि पहिला प्रश्न विचारला: "अंमल कोणाचा होता?" मी उत्तर दिलं! १८९१ ची ती दगडी इमारत मला तेव्हा एकदम ओळखीची वाटायला लागली.

रुमाल पहिल्यांदा समोर आला तेव्हा हात खरंच थरथरले. कापडाची गाठ सोडली, जुना, कोरडा वास आला, आणि कागदावर कसर म्हणाले होते ते वाळूचे कण चमकत होते. संध्याकाळपर्यंत सव्वा पान वाचलं. 'काही नाही' असं तीनदा लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इनाम कमिशनच्या कागदांत आमच्या गावची कैफियत निघाली. आधी गावाचा आकार दिसला, मग मूळ पुरुषाच्या नावाचा. शेजारच्या टेबलावर बसलेल्या एका अभ्यासकांनी दोन ओळी वाचायला मदत केली. त्यात जमीन अक्षरी आहे. 'दीड चावर.' चुलतआजोबांना सांगितलं. ते म्हणाले, कारकुनाची चूक असेल.

पण खरी गोष्ट पुढेच होती. कैफियतीला जोडलेली वंशावळ. आजोबांच्या झाडात तिसरा आणि चौथा बाप-लेक आहेत. इथे तिसरा निपुत्रिक मेला, आणि त्याच्या बायकोने दीर आडवे येत असताना मुलगा दत्तक घेतला. तो चौथा. तिचं नाव लिहिलंय. 'मयताची स्त्री' वगैरे नाही, नाव. उंबरठा, मी ते वाचून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

घरी आल्यावर आत्याआजीला विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "हो, आपण दत्तकाकडचे. तुला कुणी सांगितलं नव्हतं?"

रुमाल आणि कागद क्रमांक आधी लिहिलेत. दोनदा लिहिलेत.

---

उंबरठा

आत्याआजी! जायच्या आधी विचारलं असतंत तर!

---

बोरूबहाद्दर

अभिनंदन. दीड चावर आता डावीकडे न्या.

एक विचारू? दत्तक आला तो कोणत्या गावाहून, कैफियतीत आहे का? भाऊबंदांतला नसेल तर मूळ बापाचं नाव आणि मौजे बहुधा देतात.

---

सातवी_पिढी

आहे. पण ते गाव वेगळ्याच परगण्यातलं आहे आणि मला वाटतं १७९० च्या सुमारास तिथे अंमल शिंद्यांचा होता. नवीन पान घेतलंय, रेघ मारलीय. डावीकडे सध्या एकच ओळ आहे.